सोसायटीच्या अलार्म पॅनेलला लाईन कुठून द्यावी? (पर्वरी)

पर्वरीकर_सचिव
मंडळी, नमस्कार.

आमच्या सोसायटीत (पर्वरी, गोवा; दोन विंग, पार्किंगवर पाच मजले) यंदा उन्हाळ्यात सिक्युरिटी पॅनेल बसवलं. मीटर रूम, गच्चीची दारं आणि ऑफिस इथे सेन्सर, गेटजवळ हूटर, आणि दोन्ही विंगच्या खालच्या दारांना मॅगलॉक (वीज असेपर्यंत चुंबकाने दार धरून ठेवणारं कुलूप). कार्ड दाखवलं की दार उघडतं. बसवणाऱ्याने पॅनेल वॉचमनच्या केबिनमध्ये लावलं आणि त्याची थ्री-पिन तिथल्याच सॉकेटमध्ये खोचली. त्याच बोर्डावर वॉचमनचा पंखा, मोबाईलचा चार्जर, आणि आता पावसात कपडे सुकत नाहीत म्हणून इस्त्रीसुद्धा.

जून लागला, पाऊस सुरू झाला आणि लाईट जायला लागली. परवा रात्री अकराला गेली. तीनच्या सुमारास दोन्ही विंगची दारं मोकळी, कीपॅडवर ‘लो बॅटरी’, आणि थोड्या वेळाने कीपॅडही काळा. बॅटरी नवी आहे, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची.

कमिटीत दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात, पॅनेल जिन्याच्या लाईटच्या इनव्हर्टरवर टाका आणि विषय संपवा. मी म्हणतो, मेन डीबीतून (वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीतून) स्वतंत्र लाईन ओढू. इतकी कुटुंबं या पेटीच्या भरवशावर झोपतात, तिथे इस्त्रीशेजारची थ्री-पिन चालणार नाही. अर्थिंगबद्दल बसवणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “बारा व्होल्टचं काम आहे, अर्थिंग लागत नाही.” हे मला पटलेलं नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

वायरमन_म्हापसा
सचिवसाहेब, तुमचं बरोबर आहे. थ्री-पिन पहिली काढा.

कॉमन मीटरच्या डीबीतून पॅनेलसाठी स्वतंत्र ६ अँपिअरची डबल पोल एमसीबी (जास्त करंट गेला की फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) घ्या. तिच्यावर पॅनेलशिवाय काही नको, एक बल्बसुद्धा नको. तिथून १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची एफआरएलएस (सहज पेट न घेणारी, कमी धूर करणारी) वायर, लाल, काळी, हिरवी, पाइपातून थेट पॅनेलच्या पेटीत. सॉकेट मध्ये येऊच द्यायचा नाही. पेटीच्या आत फ्यूजवाला टर्मिनल ब्लॉक असतो, लाईन तिथे कसायची. एमसीबीवर ठळक लेबल, ‘अलार्म पॅनेल, बंद करू नये’, आणि डीबीला कुलूप.

६ अँपिअरची एमसीबी वायर वाचवते, पॅनेल नाही. पॅनेल वाचवतो तो आतला छोटा काचेचा फ्यूज, बहुधा अर्ध्या अँपिअरच्या आसपासचा. तो उडाला की काही लोक तांब्याची तार गुंडाळून मोकळे होतात. तसं केलेल्या पेटीत ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झालेला मी बघितला आहे. त्याच रेटिंगचा फ्यूज आणून लावा, आणि पुन्हा उडाला तर कारण शोधा.

जोडणी करताना क्रम पाळा. आधी सेन्सर, हूटर, कीपॅड यांच्या वायरी पूर्ण. मग एमसीबी पाडा, डीबीला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. मल्टिमीटर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग पॅनेलपाशी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही शून्य आहेत का बघा. निऑनच्या टेस्टरवर विसंबू नका. उन्हात त्याचा दिवा दिसत नाही, आणि न्यूट्रल तुटलेला असेल तर तो कळवत नाही. बॅटरीची वायरही सोडवा, कारण लाईन बंद असली तरी बॅटरीवर पॅनेल जिवंत असतं.

हिरवी वायर सर्वांत आधी कसायची आणि बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवायची. उद्या कुणी केबल ओढली तर शेवटी सुटणारी वायर अर्थची हवी.

आणखी एक. पॅनेलच्या आतल्या बोर्डावर ‘एसी’ लिहिलेले दोन स्क्रू असतात. ते ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या १६-१८ व्होल्टसाठी आहेत. तिथे २३० दिलं की बोर्ड त्याच क्षणी गेला. म्हणून २३० व्होल्टचा भाग परवानावाल्या माणसाकडूनच करून घ्या. अलार्म बसवणारी मुलं सेन्सरच्या कामात हुशार असतात, पण मेनच्या लाईनला हात घालायचा परवाना बहुतेकांकडे नसतो.

डिचोलीकर
इस्त्री काढायच्या आधी वॉचमनला दुसरा सॉकेट द्या हो. नाहीतर तुमचा अलार्म चोरापेक्षा वॉचमनच जास्त वेळा बंद करील :)

पर्वरीकर_सचिव
डिचोलीकर, अगदी. त्याला नवीन बोर्ड मिळणार आहे, ते आधीच ठरलं. रात्रभर जागणाऱ्या माणसाला पंखा हवाच.

केरीचा_किनारा
मी जरा वेगळं सांगतो. माझ्या घरात अलार्म आहे, साध्या प्लगवर, मागे घरचा इनव्हर्टर. बरीच वर्षं झाली, एकदाही त्रास नाही. गोव्यात पावसात लाईट जाणार हे ठरलेलं, मग इनव्हर्टर असताना स्वतंत्र एमसीबी, पाइप, वायर हा खर्च कशासाठी? वीजवाल्यांना काम हवं म्हणून काम वाढवू नये.

वायरमन_म्हापसा
केरीवाले, घरात तुम्ही आणि तुमची माणसं. प्लगला कुणी हात लावत नाही. सोसायटीच्या केबिनमध्ये दिवसभर पाचपन्नास माणसं येतात-जातात. अलार्म बंद करायला ज्याला पक्कड लागत नाही, नुसती पिन ओढून भागतं, त्या अलार्मचा उपयोग नाही.

दुसरं, तुम्ही समुद्राजवळ राहता म्हणून सांगतो. तुमचा सॉकेट एकदा उघडून घेऊन बघा. खाऱ्या हवेने पितळेच्या पत्त्यांवर हिरवट थर येतो, पकड सैल होते, पिन गरम व्हायला लागते. पॅनेल अगदी थोडा करंट घेतं म्हणून तुम्हाला जाणवत नसेल, पण त्याच सॉकेटमध्ये इस्त्री घातली की प्लास्टिक वितळतं.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट
इनव्हर्टरबद्दल थोडं. साइन वेव्ह (मेन लाईनसारखी गुळगुळीत लहर देणारा) असेल तर हरकत नाही. जुना स्क्वेअर वेव्ह असेल तर पॅनेलचा ट्रान्सफॉर्मर गुंगुं आवाज करतो आणि तापतो. शिवाय जिन्याच्या लाईटचा इनव्हर्टर आधीच लाईटांनी भरलेला असतो. तो रिकामा झाला की लाईट आणि पॅनेल एकदम जाणार. पॅनेलची स्वतःची बॅटरी असते ती याचसाठी. ती का पुरली नाही हा मला खरा प्रश्न वाटतो. सचिवसाहेब, किती पीआयआर (हालचाल ओळखणारे) सेन्सर आहेत? मॅगलॉकला वीज कुठून दिली आहे? जीएसएम मॉड्यूल (सिमवरून मेसेज पाठवणारा भाग) आहे का? पेटीच्या झाकणाच्या आतलं लेबल वाचून सांगा.

शुभदा_फोंडा
अर्थिंग लागत नाही असं सांगणाऱ्याला आमच्या देवळात घेऊन या.

आमचं देवस्थान फोंडा तालुक्यात. दानपेटीची खोली, भांडार आणि गर्भागृहाचा चौक यांना सेन्सर, सभामंडपाच्या कोपऱ्यात पॅनेल. मी समितीवर आहे. मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी केवढा गडगडाट होतो ते तुम्ही सगळे जाणता. एका संध्याकाळी आरतीच्या वेळी जवळच कुठेतरी वीज पडली आणि पॅनेल बंद पडलं. हूटर वाजला नाही, काहीच नाही. कीपॅड मेला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या जुन्या वायरमनने पेटी उघडली. आत तीन कोरची चांगली केबल आलेली होती. लाल आणि काळी स्क्रूत, आणि हिरवी व्यवस्थित मागे दुमडून काळ्या टेपने गुंडाळलेली. पेटीचा अर्थचा स्क्रू कोरा, त्यावरचा कारखान्याचा रंगही गेलेला नव्हता. म्हणजे बसवल्या दिवसापासून अर्थिंग नव्हतंच. बोर्डावर पडवीतल्या सेन्सरची वायर जिथे येते, तिथले दोन छोटे भाग फुटून त्यांची काजळी झाकणाला लागली होती.

त्या म्हाताऱ्याने समितीला समजावलं ते मला आजही आठवतं. बाहेरून आलेला झटका जमिनीत जायला बोर्डावर वाट ठेवलेली असते, ती वाट त्या हिरव्या वायरीतून जाते. वायर नाही तर झटका बोर्डातून वाट काढतो. आणि समजा आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर अर्थ असेल तर एमसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती पकडणारा स्विच) पडते. नसेल तर पेटीला हात लावणाऱ्या पुजाऱ्याला शॉक. देवळात ओल्या पायाने, सोवळ्यात वावरणारी माणसं, कुणाचा हात कधी लागेल सांगता येतं का?

नवा बोर्ड घ्यावा लागला तो घेतला. पण मला राग येतो तो त्या टेपचा. एवढी निगुतीने दुमडलेली वायर! स्क्रूत घालायला तेवढाच वेळ लागला असता.

काणकोणची_माई
शुभदाताई, वाचून काटा आला अंगावर. मी एकटी राहते, मुलगा बाहेरगावी, त्याने अलार्म बसवून दिलाय. मला यातलं काही कळत नाही. पेटी न उघडता बाहेरून कळेल असं काही आहे का?

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट
माई, आहे. कीपॅडवर किंवा पॅनेलवर मेन लाईनचा एक दिवा असतो, बहुधा हिरवा. तो रोज येता-जाता बघायचा. महिन्यातून एकदा, दिवसा, शेजाऱ्यांना सांगून, अलार्मची एमसीबी पाडायची. दिवा जाईल, कीपॅड चालू राहायला हवा. अर्धा तास तसंच ठेवा, मग हूटर एकदा वाजवा. आवाज खणखणीत आला तर बॅटरी ठीक. आवाज मध्येच बसला किंवा कीपॅड विझला तर बॅटरी बदला. झाल्यावर एमसीबी वर करायला विसरू नका. पेटी उघडायची अजिबात गरज नाही.

मीटर लावून बॅटरी तपासली असं कुणी सांगितलं तर त्यावर समाधान मानू नका. थकलेली बॅटरीही भार नसताना १२.८ व्होल्ट दाखवते, आणि हूटर सुरू झाला की धाडकन १० च्या खाली येते. भार घालून बघणं हीच परीक्षा.

काणकोणची_माई
देव बरें करूं. उद्याच बघते. शेजारीण दुपारी झोपते, तिला आधी सांगावं लागेल.

शिकाऊ_फर्मागुडी
एक शंका. शुभदाताईंच्या देवळासारखं होऊ नये म्हणून मी मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात मोजलं आणि २३० आले, तर अर्थिंग चांगलं असं धरायचं ना?

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट
नाही, आणि हे नीट समजून घे बाबा. डिजिटल मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही. अर्थची वायर गंजून एका केसाएवढी उरली असेल तरी तो २३० दाखवेल. दोष आला की त्याच वायरीतून मोठा करंट जावा लागतो, तेव्हा ती निकामी ठरते. अर्थिंगच्या खड्ड्याचा (जमिनीत अर्थ पुरतात त्या जागेचा) रोध अर्थ टेस्टरने मोजावा लागतो. मल्टिमीटरचा उपयोग उलट बाजूने आहे. फेज-अर्थ २३० पेक्षा बरेच कमी आले, किंवा न्यूट्रल-अर्थमध्ये चार-पाच व्होल्टपेक्षा जास्त आले, तर काहीतरी बिघडलंय हे नक्की.

आपल्याकडे जमीन जांभ्याची (तांबड्या दगडाची). पावसाळ्यात जमीन भिजलेली असते तेव्हा खड्डा उत्तम वाटतो. एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा ठणठणीत होतो आणि रोध कितीतरी पट वाढतो. आणि विजांचा कडकडाट नेमका तेव्हाच. म्हणून मोजमाप उन्हाळ्याच्या अखेरीस करावं, आणि खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावं. कोळसा-मीठ घातलेला जुना खड्डा असेल तर मीठ दर पावसात धुपतं आणि लोखंडी पट्टी खाल्ली जाते, तेही बघावं. अर्थिंगचं भारतीय मानक आयएस ३०४३ आहे. ठेकेदाराकडून त्यानुसार तपासणी करून लेखी आकडा मागून घ्या.

केरीचा_किनारा
मग पॅनेलसाठी वेगळाच रॉड ठोकला तर? केबिनच्या बाहेरच माती आहे.

वायरमन_म्हापसा
तो मोह टाळा. इमारतीला एक अर्थ आणि पॅनेलला दुसरा, असं झालं की जवळ वीज पडल्यावर दोन अर्थांमध्ये विजेचा प्रचंड दाब तयार होतो आणि तो पॅनेलमधूनच वाट काढतो. रॉड ठोकायचाच असेल तर तो इमारतीच्या अर्थला जाड पट्टीने जोडलेला हवा. त्यापेक्षा मेन डीबीत टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (लाईनीतला झटका अर्थकडे वळवणारा भाग) बसवा. त्याच्या वायरी जितक्या आखूड तितकं बरं, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. त्याच्या खिडकीचा रंग हिरव्याचा लाल झाला की तो कामी आला असं समजून बदला.

सावंतवाडी_ते_पणजी
आरसीसीबीवर कुणी बोललंच नाही. आमच्या इमारतीत पावसात बागेच्या दिव्यात पाणी शिरतं, आरसीसीबी पडते आणि तिच्यावरचं सगळं जातं, अलार्मसुद्धा. आमच्याकडच्या माणसाने उपाय म्हणून अलार्मची लाईन आरसीसीबीच्या आधी घेतली. मला तेच योग्य वाटतं. पॅनेल कायम चालू राहायला हवं.

शुभदा_फोंडा
असहमत. चालू राहायला हवं हे मान्य, पण माणूस आधी. ओल्या हाताने पेटीला हात लावणारा माणूस कोण असेल ते आपल्याला माहीत नसतं.

वायरमन_म्हापसा
दोघांचंही साधेल. अलार्मच्या लाईनीला स्वतंत्र आरसीबीओ लावा, म्हणजे एकाच डब्यात एमसीबी आणि गळती पकडणारा भाग, ६ अँपिअर, ३० मिलिअँपिअर. ती कॉमन आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने घ्या. बागेचा दिवा भिजला तर बागेची पडेल, अलार्मची नाही. आणि पॅनेलमध्ये दोष आला तर फक्त पॅनेलची पडेल. पडली तरी बॅटरी आहे आणि जीएसएम असेल तर सचिवांना ‘मेन फेल’चा मेसेज जाईल.

सावंतवाडी_ते_पणजी
हे पटलं. आमच्या कमिटीला दाखवतो.

डिचोलीकर
अवांतर: आमच्याकडे पॅनेल बंद पडलं ते विजेने नाही, मुंग्यांनी. पेटीच्या वायरीच्या भोकातून आत शिरल्या आणि रिलेत (पॅनेलच्या हुकमाने चालणाऱ्या छोट्या स्विचमध्ये) घर केलं. उघडलं तेव्हा अंड्यांसकट सगळा संसार.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट
अवांतर नाही, विषयाचाच भाग. मुंग्यांना आतली ऊब आवडते. पेटीचं प्रत्येक न वापरलेलं भोक बुजवा, वापरलेल्याला रबरी ग्रोमेट किंवा ग्लँड लावा. चालू पॅनेलमध्ये कीटकनाशकाचा फवारा मारू नका, त्यातलं द्रव्य पेट घेऊ शकतं. लाईन आणि बॅटरी काढून, ब्रशने साफ करायचं.

२३० व्होल्टची केबल आणि सेन्सरच्या बारीक वायरी वेगवेगळ्या भोकांतून आत घ्या. बाहेरही एकाच पाइपात घालू नका. समांतर जात असतील तर फूटभर अंतर, एकमेकांना ओलांडायचं असेल तर काटकोनात. खोटे अलार्म निम्मे यातूनच येतात, आणि इन्सुलेशन गेलं तर २३० थेट कीपॅडपर्यंत पोचतात.

डिचोलीकर
आणि उरलेले निम्मे पालीमुळे! पीआयआरच्या काचेवर रात्री पाल बसली की आमचा हूटर सुरू. आता सेन्सरच्या मागचं भोक सिलिकॉनने बुजवलंय, पाल बाहेर, आम्ही झोपेत.

पर्वरीकर_सचिव
काका, आज झाकण उघडून (लाईन आणि बॅटरी दोन्ही काढून, आमचा परवानावाला वायरमन हजर असताना) लेबल वाचलं. सात पीआयआर, एक कीपॅड, जीएसएम आहे. दोन्ही मॅगलॉकची वीज पॅनेलच्याच ‘ऑक्स’ टर्मिनलवरून (जोडलेल्या उपकरणांना १२ व्होल्ट देणारे स्क्रू). लेबलवर लिहिलंय, ऑक्समधून जास्तीत जास्त ७५० मिलिअँपिअर. आणि हो, अर्थचा स्क्रू रिकामाच. शुभदाताई, हिरवी वायर आमच्याकडेही टेपमध्ये गुंडाळलेली होती.

शुभदा_फोंडा
काय म्हणावं!

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट
तुमची बॅटरी का संपली ते आता कळलं. हिशेब मांडतो.

बोर्ड १२०, कीपॅड ६०, सात पीआयआर प्रत्येकी १५ म्हणजे १०५, जीएसएम सरासरी ६५. बेरीज ३५० मिलिअँपिअर. सेन्सरचे आकडे कंपनीप्रमाणे थोडे बदलतील. ७ अँपिअर-अवर हे रेटिंग वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याचं असतं, म्हणजे बरोबर ३५० मिलिअँपिअरचं. नुसतं पॅनेल असतं तर नव्या बॅटरीवर रात्र आरामात निघाली असती. १२ तासांचे ४.२ अँपिअर-अवर, हूटर पंधरा मिनिटं वाजला तर पाव अँपिअर-अवर, वर पंचवीस टक्के जुनेपणासाठी. साडेपाचच्या आसपास. ७ ची बॅटरी पुरेशी.

आता मॅगलॉक. साधारण २८० किलो पकडीचा एक लॉक १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतो, आणि तो दार बंद असेपर्यंत सतत घेतो. दोन लॉक म्हणजे १ अँपिअर. पॅनेल धरून एकूण १.३५ अँपिअर. कागदावर पाच तास, पण करंट जास्त असला की बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही, म्हणून चार. अकराला लाईट गेली, तीनला दारं सुटली. जुळतंय.

आणि ७५० मिलिअँपिअरच्या टर्मिनलवर लॉकचाच १ अँपिअर लादलाय, म्हणजे लाईट असतानाही पॅनेल दमलेलं असणार आणि बॅटरीला पूर्ण चार्ज मिळत नसणार. अशी बॅटरी पूर्ण रिकामी होत राहिली तर वर्षभरात बाद होते. एरवी केबिनच्या उकाड्यातसुद्धा तीनेक वर्षं काढते.

उपाय: मॅगलॉकसाठी वेगळा पॉवर सप्लाय घ्या, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा, बॅटरी चार्जिंगसह, त्याला १८ अँपिअर-अवरची बॅटरी. पॅनेलने फक्त रिलेतून हुकूम द्यायचा, लॉकचा करंट त्याच्यातून जायला नको.

शिकाऊ_फर्मागुडी
मग लॉक ते सप्लाय वायर कोणती? केबिनपासून दुसरी विंग लांब असेल.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट
चांगला प्रश्न. समज ४० मीटर. करंट जातो आणि परत येतो, म्हणून ८० मीटर वायर धर. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीचा रोध ८० मीटरला ३.१ ओहम. अर्ध्या अँपिअरला दीड व्होल्ट वायरीतच जातात. बॅटरी उतरून ११.५ वर आली की लॉकला १० मिळतात आणि पकड ढिली पडते. १.५ चौरस मिलिमीटर वापरली तर अर्ध्या व्होल्टवर भागतं. आणि लॉकच्या दोन टर्मिनलवर उलटा एक १एन४००७ डायोड टाक, पट्टी धनाच्या बाजूला. लॉक सुटताना कॉइल जो झटका मारते तो रिलेचे काँटॅक्ट खातो. काही लॉकमध्ये डायोड आतच असतो, माहितीपत्रक बघ.

केरीचा_किनारा
पण लाईट गेल्यावर दार मोकळं होणारं कुलूप घ्यायचंच कशाला? वीज गेली तरी बंद राहणारं मिळतं की.

शुभदा_फोंडा
आणि आत आग लागली तर माणसं कुठून बाहेर पडणार? पाच मजल्यांची माणसं त्या एकाच दाराने उतरतात.

वायरमन_म्हापसा
ताईंशी सहमत. जिन्याच्या बाहेर पडायच्या दारावर वीज गेल्यावर सुटणारंच हवं. दाराच्या आतल्या बाजूला हिरवं काच फोडायचं बटण लावा, जे लॉकची लाईन प्रत्यक्ष तोडतं, पॅनेलच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. फायर अलार्म असेल तर त्याच्या रिलेतूनही तीच लाईन न्या. केरीवाल्यांचा मुद्दा वेगळ्या तऱ्हेने साधता येतो. इलेक्ट्रिक स्ट्राइक (चौकटीत बसणारी विजेची खिट्टी) बसवला तर वीज गेल्यावर बाहेरून दार बंद राहतं आणि आतून हँडल कायम उघडतं. त्यासाठी दार आणि चौकट धड हवी.

केरीचा_किनारा
आगीचा विचार माझ्या मनात आला नव्हता. मागे घेतो. आणि माझा सॉकेट उघडून घेतला आज. खालची पत्ती हिरवी झाली आहे, पिनेचा एक भाग तपकिरी. वायरमनला बोलावलंय.

पर्वरीकर_सचिव
काल रात्री कमिटीची बैठक झाली, हा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं: कॉमन डीबीतून स्वतंत्र आरसीबीओ, तिथून पाइपातून लाईन. पॅनेल केबिनमधून हलवून ऑफिसच्या आतल्या भिंतीवर. लॉकना वेगळा सप्लाय. अर्थचा आकडा लेखी. सर्ज प्रोटेक्टर. इनव्हर्टरचा विचार सोडला. नवी लाईन जिथून येणार ती कॉमन डीबी जनरेटरवर आहेच, जनरेटर सुरू होईपर्यंतचा वेळ बॅटरी सांभाळेल ना?

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट
सहज. जुनी बॅटरी विक्रेत्याला परत द्या, कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि आम्ल आहे. नवी बसवताना बोटातली अंगठी आणि मनगटातलं कडं काढून ठेवा. ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर अंगठी लाल होईपर्यंत तापते.

पर्वरीकर_सचिव
शेवटचा प्रश्न. दुसऱ्या विंगपर्यंत लॉकची वायर न्यायला सोपा मार्ग लिफ्टच्या शाफ्टमधून आहे असं ठेकेदार म्हणतो. पाइपाचा खर्च वाचेल. चालेल का?

वायरमन_म्हापसा
अजिबात नाही. लिफ्टच्या शाफ्टमध्ये लिफ्टची सोडून दुसरी कसलीही वायर नको. पार्किंगच्या छताखालून स्वतंत्र पाइप न्या, पाण्याच्या पाइपांच्या वरच्या बाजूने, आणि प्रत्येक वळणावर जंक्शन बॉक्स ठेवा. आत्ताच करून घेणार असाल तर छताखालचं काम चालेल, पण गेटकडची उघड्यावरची वायर पावसाने उसंत दिली की घाला, ओल्या पाइपात वायर ओढू नका.

पर्वरीकर_सचिव
ठेकेदाराला कळवलं. पार्किंगचं काम सोमवारी सुरू होतंय, गेटकडचं पाऊस उघडला की.